मस्कतला ओहोटी लागते

"बुडाली! बुडाली! अरे धावा, बुडाली!"

पुळणीवर बसलेली झाडून सगळी माणसं उठली आणि समुद्राकडे बघायला लागली. भेळवाल्याने हातातला कांदा खाली ठेवला. दोन तरुण शर्ट काढून कंबरभर पाण्यात शिरलेसुद्धा. एका बाईने आपली मुलं मोजली, ती तीनऐवजी चार भरली, म्हणून ती आणखीच घाबरली. मी स्वतः चपला काढल्या. पोहायला मला येत नाही, पण चपला काढायला काय जातं?

समुद्र मात्र जेवून पडलेल्या माणसासारखा निवांत होता. त्यात कोणीही बुडत नव्हतं. ओरडणारा म्हातारा सुरूच्या झाडांपाशी उभा होता आणि त्याचा हात समुद्राकडे नव्हताच, आमच्या पाठीमागे होता. वळून बघतो तर कोरड्या वाळूत एक पांढरी घोडी पुढचे दोन्ही गुडघे टेकून, नाक वाळूत खुपसून बसलेली. तिच्या मानेवरून पुण्याचे एक गृहस्थ घसरगुंडीवरून उतरावं तसे खाली येत होते. गॉगल डोळ्यांवर होता. हातातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. ते वाळूत पोचले तेव्हा घोडी दचकून उभी राहिली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने इकडेतिकडे बघू लागली.

ओरडणारा म्हातारा तांडेल होता. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा कप्तान. ज्याने जन्मभर होड्यांचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, लाटेत जाताना बघितलं, त्याला घोडीचं पुढचं टोक वाळूत जाताना दुसरा शब्द कुठून सुचणार?

ही पुळण पावसच्या खालच्या अंगाला आहे आणि तो वार बुधवार होता. मी तिथे का होतो, तर आमच्या मंदाने, म्हणजे बायकोने, मला "दिवसभर घरात बसून माझं डोकं खाऊ नका" म्हणून फिरायला काढलं होतं. मंदा इथल्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. मी मुंबई-पुण्याच्या रेसच्या तबेल्यांतून. छत्तीस वर्षं मी तिकडे आणि ती इकडे, असा आमचा संसार.

आता माझा धंदा सांगतो. मी घोड्यांचा मालिशवाला. कार्डावर मात्र 'होलिस्टिक इक्वाइन बॉडीवर्क' असं छापलंय. लीद उचलण्यापासून सुरुवात केली, मग खरारा, मग मालिश. पुढे एक परदेशी मॅडम दोन सीझन आमच्या तबेल्यात होती. तिने मला शिकवलं की घोड्याला चोळायचं कमी आणि ऐकायचं जास्त. माझ्या हातांची कीर्ती विचाराल तर एकदा एका घोड्याची मान मी अशी मोकळी केली की त्याने जांभई दिली आणि शेजारी उभ्या असलेल्या जॉकीची टोपी आत गेली. जॉकी थोडक्यात वाचला. खोटं वाटत असेल तर त्या जॉकीला विचारा. तो अजून टोपी घालत नाही.

पण रत्नागिरीत या कलेला स्कोप किती? आमच्या वाडीत घोडा बघायचा तर बुद्धिबळाचा पट मांडावा लागतो. निवृत्तीनंतर दोन वर्षांत माझ्या हाताखालून दोन म्हशी, एक पाडा आणि एक लठ्ठ कुत्रा गेला होता. तेव्हा गुडघे टेकलेली घोडी बघून मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या आधी आनंद झाला, हेही खरं.

"हात लावू नका हां, काका! चावते ती हल्ली!" लगाम धरून उभी असलेली बाई ओरडली.

ही रुबिनाभाभी. घोडी तिची. पर्यटकांना पुळणीवर चक्कर मारून आणायची, फोटो काढून द्यायचे, हा तिचा उद्योग. तिचा नवरा अश्रफ मस्कतला नोकरीला. त्याने पाठवलेल्या पैशातून घोडी आली म्हणून घोडीचं नाव मस्कत. "नवरा मस्कतात, निदान एक मस्कत तरी दारात असू दे," असं तिचं म्हणणं. ओरडणारे तांडेलचाचा तिचे सासरे.

"कधीपासून गुडघे टेकते?" मी विचारलं.

"होळीपासून. आणि चालताना कधी नाय. उभी असली की मग. फोटोला उभी केली की डोळे मिटते आणि धप्प! आज तिसरी खेप. पण गिऱ्हाईक आजच पडलं."

"आणखी काही फरक?"

"मान डावीकडे धरून चालते. कानामागे हात नेला की दात दाखवते. तशी एरवी होळीपासून एकदम शहाणी झालेय. पूर्वी अंगाला तांबडी माती फासून घ्यायची, रोज घासून पांढरी करावी लागे. आता बघा, डाग म्हणून नाय."

मी बघितलं. खरंच डाग नव्हता. दुधासारखी घोडी. मी "वा!" म्हणालो. हे 'वा' पुढे मला फार महागात पडलं, पण ते नंतर.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अश्रफचा व्हिडिओ कॉल. पुण्याचे गृहस्थ घसरल्याची बातमी वाळू झटकून होण्याआधी मस्कतला पोचली होती.

"रुबी, आता पुरे," तो म्हणाला. "आज मोठा माणूस पडला. उद्या एखादं पोर पडलं तर? विकून टाक. कोल्हापूरकडचा तो व्यापारी येतो म्हणालाय रविवारी. टेम्पो घेऊनच येतोय."

"ती आजारी हाय. आजारी जनावर विकू?"

"मग काय करशील?"

रुबिनाने फोन खाली केला. घोडीच्या कपाळावरची केसांची बट सरळ केली. मग माझ्याकडे बघितलं. माझ्यासारख्या बढाईखोर माणसाकडे एवढ्या आशेने कोणी बघू नये. लगेच शब्द देऊन बसतो.

"रविवारपर्यंत बरी करतो," मी म्हणालो.

मंदाने माझा दंड चिमटला. तोवर उशीर झाला होता.

तांडेलचाचांनी माझं कार्ड हातभर लांब धरून वाचलं. "होलिस्टिक? म्हंजे होळीला करतात ता?"

"नाही हो चाचा. होलिस्टिक म्हणजे नुसता दुखरा भाग बघायचा नाही. अख्खा घोडा बघायचा."

"बरा झाला," ते म्हणाले. "हिचा होळीपासूनच बिघडलाय."

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की मालिशवाल्याने हात लावण्याआधी डॉक्टरने हात लावला पाहिजे. कुठे हाड चिरलेलं असलं आणि आपण वर मालिश करत बसलो तर उपकारापेक्षा अपकार मोठा. म्हणून त्याच संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर लाड यांना बोलावलं. त्यांनी ताप बघितला, खूर बघितले, पाय वाकवून चालवली, डोळ्यांत बॅटरी मारली. गुडघ्यांवरचं जुनं-नवं खरचटलेलं सोडलं तर घोडी ठणठणीत. त्यांनी रक्त घेतलं.

"रिपोर्ट सोमवारी," डॉक्टर म्हणाले. "तोवर हिच्यावर माणूस बसवू नका. आणि सकपाळ, तुम्ही हात फिरवून बघा. मानेत काहीतरी आहे खास."

रिपोर्ट सोमवारी आणि टेम्पो रविवारी. म्हणजे मधले दिवस माझे.

गुरुवारी सकाळी मी गेलो तेव्हा मस्कत खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मोकळी उभी होती आणि गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, अख्खी वाडी बसली होती. लोकांची अपेक्षा अशी की मी तेलाचा डबा काढीन, बाह्या सरसावीन आणि पैलवानासारखा घोडीवर तुटून पडेन. मी काय केलं, तर दोन बोटं तिच्या मानेवर ठेवली आणि उभा राहिलो. वजन किती? भाजलेल्या पापडावर हात ठेवावा आणि पापड मोडू नये, एवढंच.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"ताप बघताय काय?" गडग्यावरून एकाने विचारलं.

"झोप लागली असेल त्यांना," दुसरा म्हणाला.

मी लक्ष दिलं नाही. कोंबडी साफ करताना कातडीखाली एक पांढरा पातळ पापुद्रा दिसतो ना, तसाच घोड्याच्याही अंगभर असतो. त्याला फॅशिया म्हणतात. एका जागी ताण बसला की तो पापुद्रा दुसरीकडे खेचला जातो. शर्टाचं खालचं टोक ओढलं की कॉलर गळ्याला काचते, तसं. म्हणून दुखतं एकीकडे आणि कारण दुसरीकडे. मस्कतच्या कानांच्या मागे, डोकं जिथे मानेला जोडलेलं असतं तिथे, ज्याला आम्ही पोल म्हणतो, डाव्या बाजूला नुसतं लाकूड होतं. त्या लाकडावर खिळा ठोकून कॅलेंडर लावता आलं असतं.

मी थांबलो. बोटं जराशी सरकवली. पुन्हा थांबलो. मग तिची पापणी हलली. घोडा ताण सोडायला लागला की आधी पापणी हलते, मग ओठ चाटतो, मग चावल्यासारखं करतो, मग मान खाली सोडतो. याला आम्ही 'रिलीज' म्हणतो. मस्कतने ओठ चाटले. मान हळूहळू खाली, खाली, माझ्या गुडघ्यापर्यंत आली. आणि मग तिने जांभई दिली. एक नाही, सलग सात. सातव्या जांभईला गडग्यावरची सगळी वाडी जांभया द्यायला लागली. वर माडावर चढलेल्या माणसाने जांभई दिली आणि दोन शहाळी खाली टाकली.

तांडेलचाचा पडवीत खुर्चीवर बसून बघत होते. त्यांना जांभई आली नाही.

"मान सरळ झाली, काका!" रुबिना म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की मी आणखी दोन इंच फुगलो.

शुक्रवारी सकाळी गेलो. मान पुन्हा डावीकडे. कानामागे पुन्हा लाकूड.

होतं असं कधीकधी. शरीराला जुनी सवय असते. मी पुन्हा दोन तास दिले. पुन्हा पापणी, ओठ, जांभया. मान सरळ. मी निघालो तेव्हा मस्कत लोण्यासारखी मऊ होती.

शनिवारी सकाळी गेलो. पुन्हा लाकूड. उलट या खेपेला त्याला गाठीही आल्या होत्या. आणि रुबिनाने सांगितलं की सकाळी दारात उभ्या उभ्या तिने परत गुडघे टेकले.

गडग्यावर आज फक्त दोघे होते. त्यातला एक माझी कीव करत होता.

छत्तीस वर्षांत माझ्या हाताने असा दगा कधी दिला नव्हता. रेसकोर्सवर मला बघून घोडे आपणहून रांग लावायचे. आता एक घोडी रोज मोकळी होते आणि रोज सकाळी पुन्हा आवळली जाते. म्हणजे मी दिवसा गाठ सोडतोय आणि कोणीतरी ती परत मारतंय. पण कोण? जीन तीन दिवस चढवलेलं नाही. माणूस बसलेला नाही. दाणापाणी तेच. मी तिचे दात बघितले, खूर बघितले, शेपटी उचलून बघितलं. अख्खा घोडा बघितला.

"काका," रुबिना म्हणाली, "तुम्ही केलंत तेवढं खूप झालं." एवढंच म्हणाली. तिने घोडीसाठी गूळ आणला होता, तो मुठीत तसाच होता.

घरी आलो तो मान वाकडी करून. माझी, घोडीची नाही. आदल्या रात्री जुन्या वह्या चाळत मी खुर्चीतच पेंगलो होतो आणि माझ्याही कानामागे लाकूड झालं होतं. मंदाने बाम चोळला. तिचा हात पापडावर ठेवण्यासारखा नाही. चोळता चोळता बोलणं चालूच.

"बसल्या बसल्या झोपलात तर मान धरणारच. माणसाने आडवं व्हावं. पाठ टेकली की झोप. उगाच डुलक्या काढून काय होतं? उद्या उभ्या उभ्या झोपाल आणि तोंडावर पडाल."

मी ताडकन उठलो. बामाची बाटली सांडली.

"काय म्हणालीस?"

"आडवे व्हा म्हणाले. त्यात ओरडायचं काय?"

लोक समजतात की घोडा उभ्यानेच झोपतो. अर्धंच खरं. उभ्याने तो डुलकी काढतो, त्याच्या पायांत तशी सोय असते. पण खरी गाढ झोप, स्वप्नं पडणारी, ती लागली की अंगातला सगळा जोर जातो. तेव्हा त्याला आडवंच व्हावं लागतं. थोडाच वेळ, पण व्हावं लागतं. ते मिळालं नाही तर काही दिवसांनी कुठेही निवांत उभा राहिला की गाढ झोप त्याला उभ्यानेच गाठते आणि पुढचे गुडघे दुमडतात. फोटोला उभी केली की धप्प. चालताना कधीच नाही.

आणि पांढरी घोडी, खळ्यात तांबडी माती, आणि होळीपासून अंगावर एक डाग नाही! जी घोडी रात्री आडवी होते तिच्या कुशीवर माती लागणारच. रुबिना मला पहिल्याच दिवशी उत्तर सांगून मोकळी झाली होती आणि मी "वा!" म्हणालो होतो.

तर मस्कत आडवी का होत नव्हती? मी रोज जायचो सकाळी. दिवेलागणीनंतरची मस्कत मी बघितलीच नव्हती.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी गडग्याबाहेर जाऊन उभा राहिलो. तांडेलचाचा पडवीतून उतरले. दोन दोर घेतले. खळ्यात दोन माड आहेत, तिरक्या रेषेत. एका माडाला त्यांनी घोडीचं तोंड बांधलं, तोंड पश्चिमेला, वाऱ्याकडे करून. आखूड. एक वीत दोर मोकळा असेल नसेल. माड डावीकडे म्हणून मान डावीकडे ओढलेली. दुसरा दोर मागच्या पायाला, दुसऱ्या माडाला. तोही ताठ. मग दोन्ही दोर त्यांनी बोटाने छेडून बघितले. तंबोऱ्यासारखे वाजले. तांडेलचाचांनी समाधानाने मान हलवली आणि घोडीच्या पाठीवर दोन थापा मारल्या, होडीच्या फळीवर मारतात तशा.

मी रुबिनाला बाजूला बोलावलं.

"हे कधीपासून?"

"होळीपासून," ती म्हणाली. "त्याआधी रात्री मीच तिला खळ्यात मोकळी सोडायची. होळीच्या आधी अब्बांनी होडी विकली ना. डॉक्टरांनी दर्यावर जायची बंदी केली. मग म्हणाले, घोडी रात्रीची मी बघतो." मग माझं तोंड बघून तिला कळलं. तिने ओढणी तोंडावर धरली. "काका, त्यांना दोराबद्दल काय बोलू नका. तेवढंच एक काम राहिलंय त्यांच्याकडे. आणि तांडेलाला दोर कसा बांधायचा हे आजवर कोणी सांगितलं नाय."

आता आली पंचाईत. बोलावं तर म्हातारा खचणार, आणि न बोलावं तर सकाळी टेम्पो. मी आयुष्यात गप्पा मारून घोडेमालक, ट्रेनर, तिकीट चेकर सगळे गुंडाळले. पण या म्हाताऱ्याला गुंडाळायची माझी छाती होईना. मी पडवीत जाऊन त्यांच्या पायाशी पायरीवर बसलो.

"चाचा, एक शिकायचंय. पावसाळ्यात होडी काठावर ओढून शाकारतात, ती कशी बांधतात?"

ते लगेच ताठ झाले. "पुढून-मागून. ताठ. वादळ आला तरी हलता नये. नाळ वाऱ्याकडे."

"आणि पाण्यातली? जेटीला लावलेली?"

"ती ताठ बांधून कसा चालेल? दोर सैल ठेवायचा. नायतर ओहोटीला पाणी खाली जातं आणि होडी दोराला टांगून ऱ्हाते. माझ्या एका खलाशाने केला होता तसा. पहाटे बघतोय तर होडी वाकडी, लटकलेली. नाळेची फळी उसवली." त्यांनी त्या खलाशाला आत्ता समोर असल्यासारखी एक शिवी घातली.

"मग ही मस्कत कुठली होडी, चाचा? काठावरची की पाण्यातली?"

"खळ्यात हाय ती. खळ्यात कुठला पाणी?"

"पाणी नाही. पण हिला ओहोटी लागते. रोज रात्री. अंगातला जोर सगळा उतरतो आणि हिला खाली जायचं असतं. पार मान जमिनीला टेकेपर्यंत. मग थोड्या वेळाने भरती लागते, उठते."

तांडेलचाचा माझ्याकडे बघत राहिले. मग घोडीकडे. मस्कतचे डोळे मिटत होते, मान खाली जात होती, आणि एक वीत गेली की दोर ताठ व्हायचा आणि ती दचकून जागी व्हायची. आम्ही बघता बघता तीन वेळा झालं तसं.

"म्हंजे," ते म्हणाले, "होळीपासून ही लटकलेलीच हाय?"

मी नुसती मान डोलावली. माझ्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नाही.

म्हातारा उठला. आधी मागचा दोर सोडला आणि लांब फेकून दिला. मग तोंडाचा सोडला. मस्कतच्या हनुवटीपासून जमिनीपर्यंत हाताने अंतर मोजलं, एकदा, दोनदा. "ओहोटी एवढी," स्वतःशीच म्हणाले. मग मला विचारलं, "दोर लांब केला आणि हिचा पाय गुंतला तर?"

प्रश्न बरोबर होता. लांब दोरात पाय अडकून घोडे मरतात. मी म्हणालो, "चाचा, मोकळीच सोडा ना, पूर्वीसारखी. फाटक लावून."

"रात्रीची होडी मोकळी सोडू?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पायरीवर पुन्हा बसलो.

ते आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात एक जाड लोखंडी कडी होती, खाऱ्या पाण्याने काळी पडलेली. रुबिनाने ती ओळखली. विकलेल्या होडीची कडी. देताना काढून ठेवली होती. त्यांनी ती माडाला बांधली, दोर तिच्यातून ओवला आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला एक गोल दगड बांधून सोडला. घोडीने मान खाली नेली की दगड वर जायचा आणि दोर हवा तेवढा मिळायचा. मान वर केली की दगड खाली, दोर आपोआप आवरलेला. पायात यायला सैल दोर शिल्लकच नाही.

आता खरं सांगतो. चांगल्या तबेल्यांत हीच युक्ती असते. दगडाच्या जागी लाकडाचा गोळा लावतात, त्याला लॉग म्हणतात. मी छत्तीस वर्षं रोज बघितलेली वस्तू. ती मला आठवली नाही, आणि म्हाताऱ्याने ती पाच मिनिटांत समुद्रातून काढून माडाला लावली. "शाब्बास चाचा, मी हेच सुचवणार होतो," असं मी म्हणालो. मंदाला हे सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळी पोचलो तर टेम्पो दारात उभा. व्यापारी गडग्यापाशी कमरेवर हात ठेवून आत बघत होता. खळ्यात मस्कत कुशीवर सपाट पडलेली. चारही पाय ताणलेले, मान जमिनीवर, जीभ थोडी बाहेर. हलत नव्हती. अर्धं अंग तांबडंलाल. होळीपासूनची झोप एका सकाळीत वसूल करत होती.

"आवं, ही तर गेली की!" व्यापारी ओरडला. "मेल्यालं जनावर दाखवायला एवढा घाट उतरून बोलावलासा व्हय?"

मी तोंड उघडलं. रुबिनाने मागून माझा शर्ट ओढला. मी तोंड मिटलं. पडवीत खुर्चीवर तांडेलचाचा चहा पीत बसले होते.

"चाचा, काय झालं हिला?" व्यापाऱ्याने विचारलं.

"ओहोटी हाय," चाचा म्हणाले.

"आँ?"

"भरती लागली की उठेल."

व्यापाऱ्याने घोडीकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं, मग रुबिनाकडे बघून हळहळल्यासारखी मान हलवली. "वयानं व्हतंय असं," तो चाचांकडे डोळ्यांनी खूण करून मला हळूच म्हणाला, आणि टेम्पो वळवून निघून गेला. त्याचा धुरळा बसायच्या आत मस्कत उठली, अंग झाडलं आणि आम्हा सगळ्यांवर तांबड्या मातीचा पाऊस पाडला. रुबिना हसत होती की रडत होती ते त्या मातीत मला दिसलं नाही.

सोमवारी रक्ताचा रिपोर्ट साफ आला. पुढच्या आठवड्यात मी आणखी तीनदा जाऊन तिची मान मोकळी केली, आणि या वेळी ती मोकळीच राहिली. दोन आठवडे तिने एकदाही गुडघे टेकले नाहीत. डॉक्टर लाडांनी येऊन बघितलं, तेव्हा कुठे तिच्यावर पुन्हा माणूस बसला. पहिला मीच. तांडेलचाचा सबंध वेळ शेजारून चालत होते, मी बुडालो तर काढायला.

होलिस्टिक म्हणजे अख्खा घोडा बघायचा, असं मी छत्तीस वर्षं सांगत आलो. तो मी बघितला, दातांपासून शेपटीपर्यंत. पण घोडा दोराच्या या टोकाला संपतो असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. दोराच्या दुसऱ्या टोकालाही कोणीतरी असतं. आता मी घोडीवर हात ठेवण्याआधी खुंटा बघतो.

हे सगळं मी अश्रफला व्हिडिओ कॉलवर समजावलं. पोल म्हणजे काय, फॅशिया कुठे असतो, बोटांचं वजन, पापणीपासून जांभईपर्यंत, जॉकीच्या टोपीसकट. वीस मिनिटं बोललो असेन. अर्ध्यात त्याचं चित्र गोठलं, तरी मी थांबलो नाही. ते पुन्हा हललं तेव्हा तो म्हणाला, "काका, आवाज तुटतोय. जरा अब्बांकडे द्या."

तांडेलचाचांनी फोन हातभर लांब धरला.

"अब्बा, नक्की काय झालेलं तिला?"

"दोर कमी पडत होता," चाचा म्हणाले आणि फोन मला परत दिला.